मासा लागतो आणि लाईन जाते: तुटलेल्या टोकावरून दोष कसा ओळखायचा

तक्रार नेहमीचीच. चालत्या होडीमागे लुअर (नकली आमिष) ओढताना रॉड वाकतो, रीळ कर्रकन ओरडतं आणि दोन सेकंदांत सगळं सैल पडतं. नाहीतर खडपावर (पाण्यातल्या खडकांवर) तळाला गळ सोडलेला असतो, ठोका येतो, ओढायला जावं तर गळ, शिसं, लीडर (गळ आणि मुख्य लाईन यांच्यामधला तुकडा) सगळं खालीच राहतं. बंदरावर यावर एकच सल्ला मिळतो: पुढच्या खेपेला जाड तंगूस (नायलॉनची एकपदरी लाईन) घे.

तंगूस जाड केला की पाणी त्याला जास्त ओढतं. मग शिसं जड लागतं, जड शिसं कपारीत जास्त अडकतं, आणि ट्रोलिंगचा, म्हणजे चालत्या होडीमागे ओढायचा, लुअर खोल जायचा तो वरच राहतो. एवढं करून मासा पुन्हा सुटतो, कारण मूळ दोष जाडीत नव्हताच. दोष कशात आहे ते वर आलेल्या टोकावर बहुतेक वेळा दिसतं, पण लोक ते टोक कापून समुद्रात टाकतात आणि घाईघाईने नवा गळ बांधतात.

तेव्हा पहिलं काम हे: टोक टाकू नका. शेवटची वीतभर लाईन कापून खिशात ठेवा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा, नखावरून फिरवा. लाईन कुठे तुटली तेही लिहून ठेवा. गळाच्या गाठीशी, लीडरच्या मध्ये, लीडर आणि मुख्य लाईनच्या जोडावर, की जोडाच्याही वर? या दोन गोष्टी हातात असल्या की निम्मा उलगडा झालाच.

टोक डुकराच्या शेपटासारखं वळलेलं

शेवटचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असेल, तर लाईन तुटलेली नाही, गाठ सुटली आहे. वेटोळे एकमेकांवरून घसरले आणि शेपूट आतून निघून गेलं. इथे लाईन बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

कारणं तीनच. शेपूट फार आखूड कापलेलं, वेटोळे कमी घेतलेले, किंवा गाठ पूर्ण न आवळता मासा आवळेल या भरवशावर सोडलेली. तंगुसाला युनी गाठीत 5 वेटोळे पुरतात, 0.70 मिमीच्या वर गेलात तर 4 घ्या, कारण जाड तंगुसाचे जास्त वेटोळे नीट बसतच नाहीत. ब्रेडेड, म्हणजे अनेक तंतूंची विणलेली लाईन, गुळगुळीत असते, तिला 7-8 वेटोळे हवेत आणि गळाच्या नेढ्यातून लाईन दोनदा ओवायला हवी. शेपूट 3-4 मिमी ठेवा.

टोक वळलेलं नाही, पण लाईन बरोबर गाठीच्या तोंडाशी तुटली आहे आणि तिथे चपटी झाली आहे, असं दिसलं तर गाठ कोरडी आवळली गेली. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतो. आवळण्यापूर्वी थुंकी लावा किंवा समुद्राच्या पाण्यात बुडवा, हळू आवळा आणि मग हातात फडकं धरून जोरात ताण देऊन बघा. सुटायची असेल तर होडीत सुटू दे.

ब्रेडेड आणि लीडरचा जोड हा वेगळा विषय. एफजी गाठ बारीक बसते, रॉडच्या कड्यांमधून सरकन जाते आणि लाईनची बहुतेक ताकद टिकवते. पण हलत्या होडीत ती बांधायला सवय लागते. किनाऱ्यावर 20 आडवेतिडवे वेटोळे घालून, ओलं करून, दोन्ही बाजूंनी ताणून बांधून न्या. लाटांत पुन्हा बांधायची वेळ आली तर दुहेरी युनी बरी: ब्रेडेडचे 8, तंगुसाचे 4. अर्धवट बसलेल्या एफजीपेक्षा नीट बसलेली दुहेरी युनी कधीही चांगली.

मोठा मासा जोरात ओढतोय, ड्रॅग (किती ताणाला लाईन सुटू द्यायची ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) आवळला तरी फरक पडत नाही आणि हँडल फिरवूनही लाईन येत नाही, असं झालं तर ब्रेडेड स्पूलवर अख्खीच्या अख्खी घसरतेय. पुष्कळ जण रिळाचा ड्रॅग बिघडला म्हणून दुरुस्तीला देतात. आधी स्पूलवर 5-6 मीटर तंगूस गुंडाळा, त्यावर ब्रेडेड जोडा, प्रश्न मिटतो.

टोक खरखरीत, दुधाळ, ओरखडलेलं

नखाला खडबडीत लागतं, टोकाच्या वर हात-दोन हात लाईन पांढुरकी दिसते. ब्रेडेड असेल तर तिला लोकरीसारखे तंतू सुटलेले असतात. ही खडपाची किंवा कालवांची करणी. तळाच्या मासेमारीत सर्वात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून इथे जरा थांबू.

गोबरा आणि तांबोशी हे मासे खडपाच्या कडेला बसतात. गोबऱ्याने आमिष घेतलं की तो लांब पळत नाही, सरळ आपल्या कपारीत वळतो. पहिल्या 3 ते 5 मीटरमध्ये निकाल लागतो. तिथे ड्रॅग सैल ठेवून माशाला खेळवण्याची हौस केली की लाईन दगडावर घासणारच. म्हणून खडपावर ड्रॅग जवळजवळ बंद, हात हँडलवर, आणि ठोका बसताच मासा तळापासून दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर) वर येईपर्यंत थांबायचं नाही. वर आला की मग ड्रॅग थोडा सैल करा. तांबोशी मात्र अर्ध्या पाण्यातूनही परत खाली झेप घेते, तिला अगदी होडीला लागेपर्यंत गृहीत धरू नका.

मासा कपारीत शिरलाच तर ताणून धरू नका. ताणलं की तो कल्ले फुगवून आणखी घट्ट बसतो. लाईन पूर्ण सैल सोडा, 5 ते 10 मिनिटं वाट बघा, मग सैल पडलेली लाईन हलकेच गोळा करून एकदम झपाट्याने उचला. प्रत्येक वेळी जमत नाही, पण ताणून तोडण्यापेक्षा जमण्याची शक्यता जास्त.

आता मांडणी. मुख्य लाईन ब्रेडेड पीई 3 किंवा 4 (जाडी साधारण 0.29 ते 0.33 मिमी), लीडर 60 ते 80 पाउंड ताकदीचा, 0.70 ते 0.80 मिमी, लांबी दीड ते दोन मीटर. इथे जाडी हवी ती घासण्याला टिकण्यासाठी, माशाच्या वजनासाठी नव्हे. शिसं अगदी खाली, आणि त्याच्या वर अर्ध्या मीटरवर 20-30 सेंटिमीटरच्या आखूड फाट्यावर गळ. शिसं लीडरला थेट बांधू नका. मध्ये एक वीत 0.30 किंवा 0.35 मिमीचा कच्चा तंगूस घाला. शिसं अडकलं की तो तुकडा तुटतो आणि बाकी सगळं वर येतं. ही एक सवय लागली तर हंगामाभरात किती गळ वाचतात ते पेटी बघूनच कळेल.

शिशाचा आकारही बघा. पिरॅमिडसारखं कोनाचं शिसं वाळूत रुतण्यासाठी असतं. खडपावर ते पाचरीसारखं बसतं. खडपाला लांबट थेंबासारखं किंवा गुळगुळीत गोल घ्या. जिथे दर दोन टाक्यांना शिसं जातंच, तिथे शिसं वापरूच नका: जुने स्पार्क प्लग, नट-बोल्ट, सळईचे तुकडे चालतात. लोखंड शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला तुकडा जवळजवळ दीडपट मोठा होतो आणि प्रवाह त्याला जास्त ढकलतो, एवढं लक्षात ठेवायचं.

वजन किती? लाईन उभी राहील आणि तळाचा ठक असा स्पर्श हाताला कळेल एवढंच. ब्रेडेडवर, मंद पाण्यात, 10 मीटर खोलीला 40 ते 60 ग्रॅम आणि 20 मीटरला 100 ते 150 ग्रॅम हा सुरुवातीचा अंदाज. तेच 0.60 मिमीच्या तंगुसावर करायचं तर बरंच वाढवावं लागतं. आणि इथे जागेचा फरक येतो. मुंबई-रायगडकडे उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, मालवण-गोव्याकडे तो साधारण दोन मीटर. म्हणजे अलिबागला उधाणाच्या पाण्यात 250 ग्रॅमही वाहून जाईल, त्याच खोलीला मालवणात 120 ग्रॅम पुरेल. दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाचा आकडा जसाच्या तसा उचलला की पहिलाच दिवस फुकट जातो.

तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे एक-दोन दिवस उधाण जोरात असतं. तेव्हा तळाची मासेमारी पाणी वळतानाच्या थांबलेल्या अर्ध्या तासापुरतीच. अष्टमीनंतरच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, पाण्याला ओढ कमी, शिसं हलकं चालतं आणि खडपावर जास्त वेळ बसता येतं. लाईन तिरपी जाऊन तिचा पोटभाग दगडावर घासत असेल तर तुटलेलं टोक गळापासून 4-5 मीटर वर सापडतं. असं टोक दिसलं की लीडर बदलून उपयोग नाही. शिसं वाढवा, नांगराची दोरी कमी-जास्त करून होडी खडपाच्या वरच्या बाजूला घ्या, किंवा पाणी थांबण्याची वाट बघा.

गळ अडकला तर रॉड वाकवून ओढू नका, रॉड मोडतो. रॉड सरळ लाईनच्या दिशेला धरा, लाईन ताणून धनुष्याच्या दोरीसारखी बोटाने बाजूला खेचून सोडा. चार-पाच झटक्यांत पुष्कळदा शिसं उलटं उडतं. नाही सुटलं तर होडी पलीकडच्या बाजूला नेऊन उलट दिशेने ओढा. तोडायचीच असेल तर ब्रेडेड लाकडी दांड्याला गुंडाळा. हाताला गुंडाळलेली ब्रेडेड बोट हाडापर्यंत कापते. हातदोर वापरणारे बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतात, तो रॉडवाल्यांनीही पेटीत ठेवायला हरकत नाही.

मालवणकडे खडपावर जाताना एक बघा. तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड यांच्या भोवतालचा खडपांचा पट्टा त्याच्या गाभ्यात येतो. तिथे गळ टाकायची जागा नाही.

खरखरीत टोकाचं आणखी एक कारण असतं, ज्यात दगडाचा काहीच दोष नसतो. तळ वाळूचा आहे, तरी लाईन ओरखडते आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी तुटते. अशा वेळी रॉडच्या कड्या तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा; जिथे तंतू अडकेल तिथे आतली चकती तडकलेली आहे. ती कडी बदलेपर्यंत कोणतीही लाईन टिकणार नाही. टोकाची कडी सर्वात आधी जाते, कारण रॉड होडीत आपटतो तो तिथेच.

टोक ब्लेडने कापल्यासारखं सरळ

ब्रेडेडचे सगळे तंतू एकाच पातळीला, तंगुसाचं टोक सपाट. हे दातांचं काम. तळाला आणि वर, दोन्हीकडे होतं, पण गुन्हेगार वेगळे.

तळाला असं होत असेल आणि मधूनमधून गळाच्या दांडीवरही चावल्याच्या खुणा दिसत असतील तर खाली केंड (अंग फुगवणारा मासा) आहे. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात, तंगूस त्याला शेवयासारखा. आमिष लहान लहान तुकड्यांत कुरतडलं जातं, ठोका मात्र नीट बसत नाही. तारेचा लीडर लावून केंड पकडण्यात काही हशील नाही, तो विषारी. जागा 100-200 मीटर सरकवा. थवा तिथून हलेपर्यंत थांबण्यात फक्त गळ जातात.

ट्रोलिंगला सरळ कापलेलं टोक म्हणजे बहुतेक सुरमई. तिचे दात त्रिकोणी, चपटे, कात्रीसारखे जुळणारे. ती मागून येते आणि आमिषाचा मागचा भाग उडवते. इथे तुटलं कुठे, हे सर्वात महत्त्वाचं.

लुअरशीच कापलं असेल तर उत्तर सोपं: तार लावा. एकपदरी स्टीलची तार, 0.40 ते 0.45 मिमी. लुअरला 30 ते 40 सेंटिमीटर पुरते, आमिषाला 45 ते 60. त्याहून लांब तार घेतली की लुअरची हालचाल मरते आणि पाणी स्वच्छ असेल तर मासाही बिचकतो. तारेचा फास असा करा: दोन्ही तारा एकमेकांभोवती सारख्याच पिळल्या जातील असे 4-5 पीळ, मग सरळ तारेवर गोल 4-5 घट्ट वेटोळे. पहिल्या भागात एक तार सरळ आणि दुसरी तिच्याभोवती गुंडाळलेली राहिली तर फास ताणाखाली सरकतो. उरलेलं टोक पकडीने कापू नका, धार राहते आणि हात फाडते. टोकाला लहान हँडलसारखा वाक देऊन मागेपुढे हलवा, ते साफ तुटतं. तारेत बारीकसा जरी मोड पडला तरी ती फेकून द्या. सरळ केलेली तार पुढच्या माशाला तिथेच मोडते, आणि तेव्हा टोक कापलेलं दिसत नाही, वाकून तुटलेलं दिसतं. मासा सुटल्यानंतर तार शाबूत पण कुरळी झाली असेल तरी तिचं आयुष्य संपलं.

तार शाबूत आहे, लाईन तारेच्या वर कापली गेली आहे. हा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. तारेचा काही उपयोग नाही, असं समजून लोक ती काढूनच टाकतात. खरं कारण तारेवरचं चकचकीत स्विव्हल, म्हणजे लाईन पिळू नये म्हणून लावलेली फिरती कडी. पाण्यातून ओढलं जाताना ते चमकतं आणि मागे बुडबुडे सोडतं. थव्यातली दुसरी सुरमई त्यालाच लहान मासा समजून तोंड मारते. पितळी, रुपेरी स्विव्हल काढा. काळं, लहान, बॉलबेअरिंगचं घ्या आणि तेही तारेजवळ ठेवू नका. तार आणि स्विव्हल यांच्यामध्ये 60 पाउंडांचा दीड-दोन मीटर तंगूस ठेवा. तार तंगुसाला थेट ऑलब्राइट गाठीने जोडता येते. लाईनला चिकटलेलं शेवाळ किंवा गवताचा धागासुद्धा बुडबुडे सोडतो. दर 15-20 मिनिटांनी लुअर आत घेऊन साफ करण्याचा कंटाळा केला की असे तुकडे पडतात.

फ्लुओरोकार्बन लीडरबद्दल एक मत. डिसेंबर ते फेब्रुवारीत मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे पाणी स्वच्छ असतं तेव्हा त्याचा उपयोग दिसतो, कारण तो पाण्यात नायलॉनपेक्षा कमी उठून दिसतो आणि घासण्यालाही जरा जास्त टिकतो. रायगड-मुंबईच्या गढूळ पाण्यात त्यावर पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्याचे चांगले गळ घ्यावेत. आणि सुरमईच्या दातांपुढे फ्लुओरोकार्बनही कापलाच जातो.

लाईन शाबूत, पण आमिषाचं शेपूट दर वेळी साफ उडालेलं? इथे लाईन निर्दोष आहे, गळ चुकीच्या जागी आहे. वाकटी किंवा टोळ ओढत असाल तर 6/0 मापाचे तीन-चार गळ एकात एक गुंफून लावा आणि शेवटचा गळ शेपटापासून 3-4 सेंटिमीटरच्या आत येऊ द्या. आमिष पाण्यात गरगर फिरत असेल तर सुरमई नुसती मागे येते, घेत नाही. कणा चार-पाच ठिकाणी वाकवून सैल करा, तोंड दोऱ्याने शिवून बंद करा, गळ बरोबर मध्यरेषेत आहेत ना बघा. होडीच्या कडेला दोन मीटर लाईनवर आमिष सरळ पोहतंय याची खात्री झाल्याशिवाय मागे सोडू नका.

वेग: मेलेलं आमिष 3 ते 4 नॉट, मिनो (लहान माशाच्या आकाराचा) प्रकारचा खोल जाणारा लुअर 4 ते 6, चमचा (धातूचा पसरट लुअर) 3 ते 6, जिवंत बांगडा 1 ते 2. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. मोबाइलच्या जीपीएसवरचा आकडा जमिनीच्या हिशेबाने असतो. ओहोटीच्या बरोबर जाताना आणि विरुद्ध जाताना तोच आकडा लुअरला वेगळा लागतो. म्हणून रॉडच्या टोकाकडे बघा. मिनो नीट चालत असेल तर टोक सारखं थरथरतं. थरथर थांबली तर कचरा अडकला, टोक मोठ्याने डोलायला लागलं तर लुअर पलटतोय. लुअर एका बाजूला पळत असेल तर त्याच्या नाकाची कडी उलट बाजूला अगदी किंचित वाकवा, आधी अर्धा मिलिमीटर, मग पुन्हा बघा.

टोक ताणून बारीक झालेलं

तंगूस टोकाजवळ बारीक, सोडल्यावर पूर्वीच्या लांबीवर न येणारा. ब्रेडेडचे तंतू लहानमोठ्या लांबीला तुटलेले. ना ओरखडा, ना सरळ काप. हा निव्वळ ताण, म्हणजे ड्रॅग.

वेष्टनावरचा आकडा फसवा. 30 पाउंडांची लाईन म्हणजे 13.6 किलो. साधी गाठ त्यातले 15-20 टक्के खाते. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाल्यावर आणखी 10-15 टक्के कमजोर होतो. आकडा कोरड्या लाईनचा असेल तर हातात उरतात साडेनऊ किलो. लाईन मागचा अख्खा हंगाम उन्हात राहिलेली असेल तर त्याहूनही कमी. त्यामुळे ड्रॅग लाईनच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाला लावायचा, म्हणजे इथे साधारण साडेतीन किलो. ब्रेडेडवर सुरमईला दोन ते अडीच किलोच ठेवा. ब्रेडेड ताणत नाही आणि पहिला झटका सगळा गाठीवर येतो.

ड्रॅग हाताने अजमावू नका. स्प्रिंगचा ताणकाटा घ्या, रॉड 45 अंशांत धरून लाईन कड्यांमधून काढा आणि काट्याला बांधून ओढा. रिळाशी मोजलेला आकडा कमी येतो, कारण कड्यांचं घर्षण त्यात धरलेलं नसतं. सुटतानाचा पहिला हिसका बघा: काटा 5 किलोला जाऊन मग 3 ला स्थिर होत असेल तर ड्रॅगच्या चकत्या चिकटल्या आहेत. हंगाम संपल्यावर ड्रॅग आवळलेलाच ठेवून दिल्याने हे होतं. रीळ धुताना ड्रॅग आवळा, म्हणजे पाणी आत जात नाही. गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा.

मासा लाईन घेऊन दूर गेला की ड्रॅग आपोआप वाढतो. स्पूलवरच्या लाईनचा व्यास 60 मिमीवरून 40 वर आला की साडेतीन किलोचा ड्रॅग सव्वापाच होतो. शिवाय पाण्यात पसरलेल्या लाईनचा ओढा वेगळा. म्हणून सुरमईची पहिली लांब धाव चालू असताना नॉब आवळणं ही नेमकी उलटी कृती. होडी लगेच थांबवू नका, काही सेकंद तशीच पुढे जाऊ द्या म्हणजे गळ रुततो, मग वेग कमी करा. होडीजवळ आल्यावर ती दुसरी धाव घेते. तेव्हाही नॉबला हात नको. मासा वर घ्यायला लोखंडी आकडा टाकणाऱ्याने लाईनला हात लावायचा नाही, एवढा नियम होडीत आधी सांगून ठेवा.

लाईन शाबूत, गळ उघडलेला किंवा रिकामा

गळ सरळ झाला तर ड्रॅगच्या मानाने त्याची तार बारीक. बाजारातल्या लुअरसोबत येणारे तिकाटे (तीन टोकांचे गळ) पुष्कळदा गोड्या पाण्याच्या ताकदीचे असतात. जाड तारेचे घेऊन बदला, पण लुअर तरंगता असेल तर वजनाने तो बुडणार नाही हे बादलीत तपासा. फक्त टोक वाकलं असेल तर गळ हाडात अडकून पूर्ण रुतला नव्हता. धार नखावर टेकवून बघा. घसरला तर कानस फिरवा. खडपावर मात्र मध्यम तारेचा गळ मुद्दाम वापरण्यात शहाणपण आहे: अडकला तर लाईन तुटण्याआधी तोच उघडतो.

गोल तोंडाचा सर्कल गळ लावून मासे सुटत असतील तर तुम्ही झटका देताय. त्याला झटका चालत नाही. रॉडचं टोक खाली धरून नुसतं हँडल फिरवत राहा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप फिरून बसतो. आमिषाने गळाचा गाळा भरून गेला असेल तरी हेच होतं. म्हाकुळाची पट्टी एकदाच टोचा, गुंडाळून गोळा करू नका. तांबोशीला 5/0 ते 7/0 पुरतात.

लाईन पिळते, गुंता होतो, मग तुटते

ट्रोलिंगला चमचा किंवा फिरणारं आमिष आणि बिघडलेलं स्विव्हल, किंवा स्पिनिंग रिळावर मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहणं, ही दोन कारणं. 5:1 च्या (हँडलच्या एका फेऱ्यात लाईनचे पाच फेरे घेणाऱ्या) रिळावर अशा प्रत्येक फेऱ्यामागे लाईनला पाच पीळ बसतात. ड्रॅग सुटतोय तोवर हात थांबवा. पीळ बसलेलाच असेल तर टोकाला काहीही न बांधता, स्विव्हलसुद्धा न ठेवता, 100 मीटर लाईन चालत्या होडीमागे पाच मिनिटं सोडा आणि बोटांच्या चिमटीतून ताण देत आत घ्या. परत गळ बांधण्यापूर्वी पुढची 4-5 मीटर लाईन कापून टाका, कारण खडपाचे आणि दातांचे न दिसणारे ओरखडे त्याच भागात असतात.